तपासाच्या कामासाठी छोटा कॅमेरा घेताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही लातूरला वर्षभरापासून खासगी तपासाचं काम करता. हातात दोन कामं आहेत. पहिलं पोटगीचं. नवरा कोर्टात ‘मला कामधंदा नाही’ म्हणतो आणि बायकोचं म्हणणं असं, की तो रोज चुलत भावाच्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर बसतो. दुसरं काम एका कीटकनाशक वितरकाचं. त्यांच्या कंपनीच्या नावाचा बनावट माल कोणत्या दुकानातून विकला जातो, ते शोधायचंय. यासाठी तुम्ही बटणाचा एक कॅमेरा पाहून ठेवलाय: ४के, वायफाय, नाइट व्हिजन, किंमत तीन हजार आठशे. तो घ्यावा की पेनचा, असं विचारलंय.

मी छत्रपती संभाजीनगरात एकोणीस वर्षं हेच काम करतोय. कुठल्या कॅमेऱ्याचं नाव मात्र सुचवणार नाही. आतला माल एकच असतो आणि तो दहा नावांनी विकला जातो. शिवाय आज चांगला निघालेला कॅमेरा सहा महिन्यांनी त्याच खोक्यात, त्याच नावाने, पण वेगळ्या सेन्सरचा येतो. म्हणून नावापेक्षा तपासायचं कसं ते सांगतो.

तुमची सगळी काळजी ‘कॅमेरा दिसू नये’ याची आहे, आणि नवीन माणसाला ती असतेच. पण कॅमेरा कुणाच्या लक्षात आला म्हणून बिघडलेली माझी कामं हाताच्या बोटांवर मोजता येतील. फुटेज हातात असून बिघडलेली कामं कितीतरी जास्त आहेत. कधी चेहरा ओळखू येत नाही, कधी तारीख चुकीची, कधी क्लिप मधेच तुटलेली, तर कधी मूळ कार्ड पुसून त्यावर दुसरंच काही भरलेलं.

सुरुवातीच्या काळातलं बीडचं एक पोटगीचंच काम सांगतो. चौदा मिनिटांचं फुटेज होतं. माणूस ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात बसून नोटा मोजतोय, चेहरा अगदी समोरून. मी खूश होतो. कॅमेऱ्याची बॅटरी आदल्या रात्री पूर्ण उतरली होती, त्यामुळे आतलं घड्याळ शून्यावर गेलं होतं, आणि हे मला ठाऊकच नव्हतं. चित्राच्या कोपऱ्यात १ जानेवारी, रात्रीचे बारा वाजून सात मिनिटं, आणि दुकानासमोर लख्ख ऊन. समोरच्या वकिलांनी उलटतपासात एवढंच विचारलं, की हे ऊन रात्री बारा वाजता कुठून आलं? पुढे ती क्लिप कुणी गांभीर्याने पाहिली नाही. दुसरा पुरावा जमवेपर्यंत त्या बाईंची पोटगी आठ महिने लांबली. लेकरांच्या शाळेची फी त्यांनी दागिने मोडून भरली. तेव्हापासून मी कॅमेरा निवडताना तो किती लहान आहे हे सगळ्यात शेवटी पाहतो.

आता कायद्याबद्दल, कारण कॅमेरा कसा वापरायचा हे ठरल्याशिवाय कोणता घ्यायचा ते ठरत नाही. आपल्या धंद्याला स्वतंत्र कायदा नाही. २००५ चा खासगी सुरक्षा एजन्सींचा कायदा गार्ड पुरवणाऱ्यांसाठी आहे. गुप्तहेर एजन्सींसाठी २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे आपल्याला कुठला खास अधिकार नाही. जे रस्त्यावरच्या कुणालाही करता येतं तेवढंच आपल्याला करता येतं. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी बेकायदा कॉल रेकॉर्ड मिळवल्याच्या प्रकरणात खासगी गुप्तहेरांना अटक केली होती, ते विसरू नका. कॅमेऱ्याच्या बाबतीत दोन कलमं तोंडपाठ असू द्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ई: कुणाच्याही खासगी अवयवांचं चित्रण संमतीशिवाय केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि भारतीय न्याय संहितेचं ७७: स्त्रीचं खासगी क्षणातलं चित्रण केलं तर पहिल्याच गुन्ह्यात किमान एक वर्ष कैद.

यावरून मी माझ्यापुरता एक नियम केला आहे: कॅमेरा कुठेही लावून सोडायचा नाही. तो माझ्या अंगावर असेल आणि मी तिथे उभा असेन, जिथे उभं राहायचा मला हक्क आहे. दुकान, रस्ता, हॉटेल, मोंढा (धान्यबाजार), बसस्टँड. काम देणारी पार्टी म्हणते, ‘साहेब, आमच्याच घरात आहे, बेडरूममध्ये एक लावून द्या.’ मी फी परत करतो, पण लावत नाही. १४ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने नवरा-बायकोच्या खटल्यात गुपचूप केलेलं फोनचं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून घेता येईल असं म्हटलं. त्याचा दाखला देत हल्ली लोक येतात. तो निकाल बोलण्याच्या रेकॉर्डिंगबद्दल, जोडीदारांमधल्या खटल्यापुरता आहे. परक्या तपासनीसाने कुणाच्या झोपायच्या खोलीत कॅमेरा ठेवायला तो परवाना नाही. असा नियम पाळला की आठ तास चालणारे, भिंतीतल्या प्लगमधले, घड्याळातले कॅमेरे यादीतून आपोआप बाद होतात. उरतो तो फक्त अंगावर घ्यायचा कॅमेरा.

बटण की पेन, हे तुम्ही कुठे उभे राहणार त्यावर आहे. बटणाचा कॅमेरा शर्टच्या मागून येतो, आणि त्याची बॅटरी व वायर पोटाशी किंवा खिशात ठेवावी लागते. थंडीत जाकीट असतं तेव्हा ठीक. मे महिन्यात लातूर-नांदेडला पातळ सुती शर्टातून घाम फुटला की ती वायर उठून दिसते. सोबत येणारी बटणं बहुतेक काळी किंवा गडद असतात. पांढऱ्या शर्टावर चार पांढरी आणि एक काळं बटण म्हणजे समोरच्याला हाताने दाखवण्यासारखं. घेतलाच तर शिंप्याकडून एका शर्टाची सगळी बटणं बदलून घ्या आणि तोच शर्ट कामाचा ठेवा.

पेन मोंढ्यात, बँकेत, तहसीलमध्ये अगदी नैसर्गिक दिसतो. त्याची अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे खिशाला पेन दिसला की माणूस हात पुढे करतो, ‘जरा पेन देता का?’ नाही म्हणालात तर संशय, दिलात तर कॅमेरा गेला. माझ्या खिशाला म्हणून नेहमी दोन पेन असतात, साधा पेन बाहेरच्या बाजूला. दुसरी गोष्ट अशी, की पेनची भिंग खिशाच्या उंचीवर असते. समोरचा गादीवर बसलेला असेल तर त्याच्या डोक्यावरची भिंत छान येते, चेहरा येत नाही.

खरं सांगायचं तर दहातल्या सहा कामांना मी साधा मोबाइल वापरतो. टपरीवर मोबाइल हातात धरून बसलेल्या माणसाकडे आज कुणी वळूनही बघत नाही. त्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, बहुतेक बटण कॅमेऱ्यांपेक्षा मोठा असतो आणि घड्याळ नेटवर्कवरून जुळलेलं असतं. फक्त कामाचा फोन वेगळा ठेवा. उद्या कोर्टाने मूळ उपकरण हजर करा म्हटलं तर घरचे फोटो, बँकेची ॲप असलेला फोन द्यायची वेळ येऊ नये.

आता ‘४के’कडे वळू. या किमतीत बहुतेक वेळा आतला सेन्सर १०८०पीचा (१९२० पिक्सेल, म्हणजे ठिपके, रुंदीचा), कधी ७२०पीचाच (१२८० रुंदीचा) असतो, आणि चित्र ताणून ४के म्हणून साठवलं जातं. ओळखायची सोपी खूण म्हणजे फाइलचा आकार. नीट १०८०पीला एच.२६४ या व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीत सेकंदाला आठ-दहा मेगाबिट तरी लागतात, म्हणजे दहा मिनिटांची फाइल साधारण सहाशे ते साडेसातशे एमबी. ४के म्हणवणाऱ्या कॅमेऱ्याची दहा मिनिटं तीनशे एमबीत बसत असतील तर त्यातला तपशील दाबून मारलेला आहे.

त्याहून महत्त्वाचा आहे भिंगेचा कोन. सीसीटीव्हीच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयईसी ६२६७६-४ च्या २०१४ च्या आवृत्तीत, अनोळखी माणसाची खात्रीने ओळख पटण्यासाठी दृश्याच्या एका मीटर रुंदीला २५० पिक्सेल असावेत असं धरलं होतं. १९२० पिक्सेल रुंदीचं खरं चित्र आणि ९० अंशांची रुंद भिंग असेल तर ही मर्यादा पावणेचार मीटरच्या आसपास संपते. तीच भिंग ६० अंशांची असेल तर साडेसहा मीटरपर्यंत जाते. आणि सेन्सर मुळात १२८० चा असेल, वर ९० अंशांची भिंग, तर अडीच मीटर. म्हणजे गल्ल्याच्या अलीकडे उभं राहिलात तरच चेहरा, रस्त्यापलीकडून फक्त शर्टाचा रंग. जाहिरातीत ‘वाइड अँगल’ हा गुण म्हणून लिहितात. आपल्या कामात तो बहुतेक वेळा दोष असतो.

हे आकडे कागदावरचे. मी प्रत्येक नवा कॅमेरा घेऊन पार्किंगमध्ये जातो आणि ओळीने लावलेल्या मोटारसायकलींच्या नंबरप्लेट दोन, चार आणि सहा मीटरवरून घेतो. नंतर मोठ्या स्क्रीनवर थांबवून बघतो, की एमएच-२० आणि एमएच-२६ वेगळे वाचता येतात का. शून्य आणि सहा एकमेकांत मिसळले, की संभाजीनगरची गाडी नांदेडची होते. हीच परीक्षा संध्याकाळी सात वाजता पुन्हा करतो, कारण सूक्ष्म भोकातून येणारा प्रकाश मुळातच कमी असतो आणि बहुतेक छोटे कॅमेरे दिवे लागले की ढेपाळतात. ‘नाइट व्हिजन’वर मात्र पैसे घालू नका. अंधारात बघायला इन्फ्रारेड एलईडी लागतात. ते कापडामागून चालत नाहीत, आणि ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे असतील तर अंधारात लालसर टिपके दिसतात.

ट्यूबलाइटखालची एक गोष्ट आवर्जून बघा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. परदेशी बाजारासाठी बनवलेले बरेच कॅमेरे ६० वर लावलेले येतात. मग दुकानातल्या ट्यूबखाली चित्रावर आडवे काळे पट्टे सरकत राहतात, नेमके चेहऱ्यावरून. सेटिंगमध्ये ५० करता येत नसेल तर तो कॅमेरा परत करा.

घड्याळाचं बीडचं उदाहरण वर दिलंच आहे. विकत घेतल्यावर वेळ लावा, बॅटरी पूर्ण संपू द्या, रात्रभर तशीच ठेवा, सकाळी चार्ज करून बघा. तारीख टिकली का? मग आठवडाभराने तपासा, किती सेकंद पुढे-मागे झालं. स्वस्तातले फार कमी कॅमेरे यात पास होतात. त्यावर माझा उपाय असा: दुकानात शिरण्याआधीच रेकॉर्डिंग सुरू करतो, फोनच्या पडद्यावरचं घड्याळ कॅमेऱ्यासमोर धरतो, हळू आवाजात तारीख, वेळ, गाव बोलतो. काम झाल्यावर रेकॉर्डिंग न थांबवता बाहेर येऊन पुन्हा तेच. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलं तरी दोन्ही टोकांना खरी वेळ बांधलेली राहते.

‘न थांबवता’ म्हणालो, पण कॅमेरा आपणहून तुकडे पाडतो. दर तीन किंवा पाच मिनिटांनी नवी फाइल होते आणि काही कॅमेऱ्यांत दोन फाइलींच्या मधले एक-दोन सेकंद गळतात. नेमके त्याच वेळी पैसे हातात आले तर? स्टॉपवॉच चालू ठेवलेल्या फोनसमोर कॅमेरा अर्धा तास ठेवा आणि जोडांवरचे सेकंद मोजा. लूप रेकॉर्डिंग बंद करता आलंच पाहिजे, नाहीतर कार्ड भरल्यावर तो सकाळचं पुसून त्यावर दुपारचं लिहितो. हालचाल दिसली तरच सुरू होणारा मोड अजिबात वापरू नका, कारण प्रत्येक खंडावर उलटतपासात एक प्रश्न येतो. मेमरी कार्ड ओळखीच्या दुकानातून पक्क्या बिलावर घ्या. ६४ जीबी लिहिलेली पण आत आठच जीबी असलेली बनावट कार्डं सर्रास मिळतात. एच२टेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्राम कार्ड काठोकाठ भरून खरी क्षमता सांगतो.

बॅटरीचे तास खोक्यावर लिहिलेल्याच्या निम्मे धरा, आणि उन्हाळ्यात त्याहून कमी. बाहेर चाळीस-बेचाळीस अंश असताना बंद गाडीचा डॅशबोर्ड साठच्या वर जातो. मी असा ठेवलेला एक कॅमेरा फुगून त्याचं कवच उघडलेलं पाहिलंय. लिथियम बॅटरीला ४५ अंशांच्या वर चार्ज करणं धोक्याचं आहे. म्हणून उन्हात पाळतीवर असताना गाडीच्या चार्जरला लावून ठेवू नका, आणि अंगावर घ्यायच्या आधी तासभर रेकॉर्डिंग करून हातात धरून बघा. चटका बसत असेल तर पोटाशी बांधायच्या लायकीचा नाही. कॅमेऱ्यावरचे छोटे दिवे बंद होतात का हेही तेव्हाच बघा. काही कॅमेरे सुरू होताना निळे चमकतात, तर काही कार्ड भरल्यावर.

वायफायचा मोह टाळा. तो चालू असतो तेव्हा दुकानातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये एक अनोळखी नेटवर्क दिसतं. त्याहून गंभीर म्हणजे, त्याची ॲप चित्र कुठल्यातरी परक्या सर्व्हरवर पाठवू शकते. पार्टीच्या आयुष्यातली सगळ्यात नाजूक गोष्ट आपल्या हाती दिलेली असते. ती आपल्या निष्काळजीपणाने बाहेर जाणं मला कधीच माफ करण्यासारखं वाटलं नाही. वायफाय पूर्ण बंद होत नसेल तर तो कॅमेरा घेऊ नका.

आता कोर्ट. यातला देशातला एक महत्त्वाचा निकाल आपल्याच मराठवाड्यातून गेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल यांनी त्याला कोर्टात आव्हान दिलं. मुद्दा उमेदवारी अर्ज वेळेत भरला का हा होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला सांगितलं, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची असेल तर जुन्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-बी चं प्रमाणपत्र लागतंच. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीला येऊन हजर केलं तर ते लागत नाही. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पक्षकाराचा, एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं.

हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. त्यासाठी कामाच्या दिवशीच हे करा: मायक्रो कार्ड अडॅप्टरमध्ये घालून त्याची छोटी लॉकची पट्टी खाली करा, मगच संगणकाला लावा, नाहीतर विंडोज स्वतःचं फोल्डर त्यावर लिहून ठेवतं. फाइलचा एसएचए-२५६ (हॅशचा एक प्रकार) काढा, वहीत लिहा, प्रत घ्या. मूळ कार्ड पाकिटात बंद करून सही, तारीख, वेळ. एक काम, एक कार्ड, ते पुन्हा वापरायचं नाही. तीन-चारशे रुपयांचं कार्ड वाचवायला गेलेली माणसं मी कोर्टाच्या पायऱ्यांवर रडवेली पाहिली आहेत. क्लिप व्हॉट्सॲपवरून पार्टीला पाठवली तर ती दाबून छोटी होते आणि तिचा ठसा मूळ फाइलशी जुळत नाही. त्यामुळे तीच पुढे कोर्टात जाणार नाही याची काळजी घ्या.

तुमच्या दोन कामांपुरतं सांगतो. पोटगीच्या कामाला नवा कॅमेरा नकोच. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर पोटगीच्या खटल्यात दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. वकिलांकडून आधी ते मागून वाचा. त्याने ‘बेरोजगार’ लिहिलंय की ‘भावाला अधूनमधून मदत’, त्यावर काय टिपायचं ते ठरेल. एक दिवस गल्ल्यावर बसणं म्हणजे मदत म्हणून सुटतं. सकाळी शटर उघडणं, गिऱ्हाइकाकडून पैसे घेणं, रात्री किल्ली खिशात टाकणं, आणि हे दोन-तीन आठवड्यांतल्या वेगवेगळ्या पाच-सहा दिवशी, मोबाइलवर रस्त्यावरून आणि गिऱ्हाईक म्हणून आत जाऊन. खिळे, कब्जे काहीतरी घ्या आणि बिल मागा. त्याच्या हस्ताक्षरातलं बिल कधी कधी चित्रापेक्षा जास्त बोलतं.

कीटकनाशकाच्या कामाला मात्र अंगावरचा कॅमेरा हवा, कारण काउंटरवर दोन्ही हात मोकळे लागतात. तिथे पेन चालेल, ६० ते ७० अंशांचा, खरा १०८०पी, ५० हर्ट्झ, वायफाय नसलेला. दुकानदाराच्या चेहऱ्याइतकंच बाटलीवरचं लेबल आणि बॅच नंबर यायला हवेत, म्हणून बाटली हातात घेतल्यावर छातीसमोर दोन सेकंद स्थिर धरून वाचल्यासारखं करा. त्यापुढे स्वतः काही करायला जाऊ नका. कीटकनाशक कायदा १९६८ प्रमाणे नमुना काढायचा अधिकार निरीक्षकाचा आहे. तुमची बाटली, बिल आणि फुटेज वितरकामार्फत कंपनीकडे, तिथून कृषी विभागाच्या गुणनियंत्रण निरीक्षकाकडे जाऊ दे. खरीप तोंडावर असेल तर हे दोन दिवसांत करा. ती बाटली सोयाबीनवर फवारली गेली तर नुकसान वितरकाचं नसतं, शेतकऱ्याचं असतं.

तीन हजार आठशेचा तो बटण कॅमेरा तुम्ही आधीच मागवला असेल तर परत करायची मुदत बघा आणि त्या दिवसांत नंबरप्लेट, ट्यूबलाइट, स्टॉपवॉच आणि रात्रभर उतरवलेली बॅटरी, या चार परीक्षा उरकून घ्या. काय निघालं ते मला नक्की कळवा. फाइलचा आकार आणि किती मीटरवरून प्लेट वाचता आली, एवढं लिहिलंत तरी घ्यायचा की परत करायचा ते सांगतो.